‘घरातच राहा’ हा सल्ला कोणत्या घरासाठी?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाचा कडाका वाढू लागला की आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर एक चौकट दिसू लागते : दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल आणि फिकट रंगाचे कपडे वापरा. या सूचना चुकीच्या नाहीत आणि त्या दरवर्षी न चुकता छापल्याबद्दल आपले आभारच मानायला हवेत. माझा आक्षेप आहे तो चौकटीतल्या पहिल्याच वाक्याला. घराबाहेर पडू नका असे सांगताना घर बाहेरच्यापेक्षा थंड असते हे आपण गृहीत धरतो. ज्या घरात एसी आहे तेथे ते खरे आहे. जेथे तो नाही तेथे घर निवलेले आहे की तापलेले, हे छप्पर कशाचे आहे, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि घड्याळात किती वाजले आहेत यांवर ठरते. आणि पुष्कळ घरांत, पुष्कळ तास, उत्तर ‘तापलेले’ असेच येते. मी बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि आता निवृत्तीनंतर एका इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर, उघड्या स्लॅबच्या थेट खाली, एसीविना राहतो. त्यामुळे हा विषय मी जितका फळ्यावर शिकवला आहे तितकाच अंगावर काढलाही आहे. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या जूनअखेर उष्णतेची जी लाट आली, तिच्यात लिटन या गावी ४९.६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि प्रांतात ६१९ माणसे दगावली. या मृत्यूंची अधिकृत चौकशी झाली तेव्हा असे आढळले की त्यांपैकी ९८ टक्के माणसांना उष्म्याने गाठले ते चार भिंतींच्या आत. बहुतेकांच्या घरी थंडाव्याची पुरेशी सोय नव्हती, निम्म्याहून अधिक जण एकटे राहत होते आणि दोन तृतीयांश सत्तरीच्या पुढचे होते. म्हणजे ही माणसे उन्हात हिंडत नव्हती. ‘घरातच राहा’ हा सल्ला ती तंतोतंत पाळत होती. त्याआधी २००३ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम युरोप होरपळला आणि एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जादा मृत्यू झाले. त्यानंतर तेथील वृद्धांच्या घरांची पाहणी झाली, तेव्हा ज्यांचे निजणे अगदी वरच्या मजल्यावर, छपराच्या लगेच खाली होते आणि ज्यांच्या घराला उष्णतारोधक आवरण नव्हते, त्यांना धोका अधिक असल्याचे दिसून आले. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने हे वाचले की तो छताकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागतो.

आपण जो कमाल तापमानाचा आकडा छापता, तो हवामान केंद्रातल्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत मोजलेला असतो. जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत आणि वारा खेळता राहील अशा रीतीने तापमापक ठेवायचा हा जगभरचा नियम आहे, आणि तो योग्यही आहे. एरवी दोन गावांच्या नोंदींची तुलनाच करता येणार नाही. पण त्या पेटीत कोणी राहत नाही. माणसे राहतात ती काँक्रीटखाली किंवा पत्र्याखाली, आणि या दोहोंची वागणूक अगदी वेगळी आहे. काँक्रीट उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते, त्यामुळे भर दुपारचे ऊन स्लॅबच्या आतल्या बाजूला पोहोचायला त्याच्या जाडीनुसार काही तास जातात. गेले काही उन्हाळे मी दोन तापमापक टांगून ठेवले आहेत, एक खोलीत छताजवळ आणि दुसरा खिडकीबाहेर सावलीत. बाहेरचा पारा दुपारी केव्हातरी शिखर गाठून उतरणीला लागतो. आतला मात्र रात्रीची जेवणे आटोपली तरी वरच असतो. आपल्या चौकटीतला ‘बारा ते चार’ हा धोक्याचा काळ माझ्या खोलीपुरता संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सरकलेला असतो, आणि त्या वेळेसाठी चौकटीत एकही शब्द नसतो.

पत्र्याचे नेमके उलटे. तो पातळ असल्यामुळे उष्णता साठवत नाही. ऊन पडले की थोड्याच वेळात तापतो आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. पण दुपारी काळवंडलेला पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो आणि खाली बसलेल्या माणसावर उष्णतेचा वर्षाव करीत राहतो. तेथे दारे-खिडक्या लावून घेण्यात काहीच अर्थ नसतो, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असते. अशा घरातल्या माणसाला दुपारी घरात बसायला सांगणे म्हणजे त्याला आगीतून फुफाट्यात ढकलणे होय. त्याने त्या वेळी दाट झाडाच्या सावलीत, एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर, सार्वजनिक वाचनालयात, जेथे जागा मिळेल तेथे दोनतीन तास काढावेत. शरीराला दिवसातून काही तास जरी खरा गारवा मिळाला तरी पुढचा ताण ते पुष्कळ बरा सोसते. सल्ला एकच असला तरी तो छपराप्रमाणे फिरतो, हे आपल्या चौकटीत कोठेतरी यायला हवे.

ज्यांच्या भिंती जाड आहेत आणि वर स्लॅब आहे त्यांच्यासाठी खिडक्यांचा नियम साधा आहे : बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हा उघडायच्या आणि बाहेर अधिक तापेल तेव्हा लावायच्या. ऐकायला हे इतके उघड वाटते की कोणी सांगावे कशाला, असे मनात येईल. प्रत्यक्षात बहुतेक घरांत याच्या बरोबर उलट चालते. दुपारी जीव गुदमरतो म्हणून खिडक्या सताड उघडल्या जातात आणि तापलेली हवा दिवसभर भिंतींना शेकत राहते. रात्री मात्र डास, चोर आणि रस्त्यावरचा गोंगाट यांच्या धास्तीने त्याच खिडक्या बंद होतात. यात लोकांचा आळस नाही. शिकागो शहरात १९९५ च्या जुलैमध्ये उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक जादा मृत्यू झाले, तेव्हाही चोरीच्या भीतीने दारे-खिडक्या घट्ट लावून बसलेली एकाकी म्हातारी माणसे त्या मृतांत होती. म्हणून रात्रीच्या वाऱ्याबद्दल सांगताना जाळी आणि गज यांबद्दलही सांगावे लागते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तरच हवा आरपार वाहते. एकच खिडकी असेल तर पंखा तिच्याजवळ, तोंड बाहेर करून ठेवावा आणि दार उघडे ठेवावे, म्हणजे आतली उष्ण हवा बाहेर फेकली जाते आणि दारातून निवलेली हवा येते. ही युक्ती मला फार उशिरा सुचली, याची विज्ञान शिक्षक म्हणून आजही लाज वाटते.

ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर पडले की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तेच कापड, चटई किंवा बांबूचा पडदा खिडकीबाहेर टांगला तर तापलेल्या पडद्याची उष्णता बाहेरच्या वाऱ्यावर निघून जाते. पश्चिमेची खिडकी सर्वांत त्रासाची, कारण मावळतीकडे झुकलेले ऊन तिरपे येते आणि वरचा सज्जा ते अडवू शकत नाही. तेथे उभाच आडोसा हवा. आणि छप्पर सपाट असेल तर त्याला पांढरा रंग किंवा चुना देण्याइतका कमी खर्चाचा उपाय दुसरा नाही. गडद पृष्ठभाग बहुतेक ऊन गिळतो, पांढरा बहुतेक परत पाठवतो. फक्त धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून तो मधूनमधून धुवावा लागतो. भाड्याने राहणाऱ्याला छतावर हात फिरवण्याची मुभा नसते, ही अडचण मात्र खरी आहे आणि ती घरमालकांनी मनावर घेतल्याशिवाय सुटणार नाही.

आता पंख्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. स्वस्थ बसलेले शरीरही सुमारे १०० वॅट उष्णता सतत निर्माण करीत असते, जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. उकाड्यात त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्यापेक्षा गार असेपर्यंत काही उष्णता आपसूक हवेत जाते. हवा त्याच्या वर चढली की ही वाट नुसती बंद होत नाही, तर उलटी वाहू लागते. मग उरतो तो घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाने निर्माण केलेली सारी उष्णता ताशी दीडशे ग्रॅम घामाबरोबर निघून जाऊ शकते. अट एवढीच की तो घाम वाळला पाहिजे. कपाळावरून ठिबकलेला घाम शरीरातले पाणी घेऊन जातो, उष्णता नाही. पंखा हवा थंड करीत नाही. तो घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत चालू ठेवलेला पंखा खोली गार करीत नाही, आपल्या मोटारीने तिला किंचित तापवतोच.

यातूनच पंख्याची मर्यादाही कळते. हवा फार तापलेली असेल तर पंखा तीच गरम हवा अंगावर मारतो, आणि ज्याला घाम कमी येतो त्याला लाभापेक्षा तोटा अधिक होतो. वय वाढते तसे घाम येणे कमी होते, त्यामुळे वृद्धांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांखालच्या तापमानातच पंखा वापरण्याचा सल्ला देते. मात्र घामाचे काम साधे पाणीही करते. हात, मान, चेहरा, पाय ओल्या कापडाने पुसत राहिले किंवा अंगातला सदराच भिजवून घातला, तर तेच बाष्पीभवन शरीरातले पाणी न दवडता घडते आणि पंखा पुन्हा उपयोगी ठरतो. एसी नसलेल्या घरात ओले कापड आणि पंखा ही जोडी सर्वांत मोलाची आहे असे माझे मत आहे, आणि वीज गेली तर नुसते ओले कापड.

पण हे सारे हवेतल्या दमटपणावर अवलंबून असते. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन तापमापक शेजारी टांगत असू, एक कोरडा आणि दुसरा ज्याच्या फुग्याला ओले कापड गुंडाळले आहे असा. हवा जितकी कोरडी तितका दुसरा खाली उतरतो. शरीराची अवस्था या दुसऱ्या तापमापकासारखी असते. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला तापमापक २३-२४ अंश दाखवील; ३८ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर तोच ३१ च्या आसपास जाईल. वृत्तपत्रात मोठ्या टाइपात येईल तो ४४ चा आकडा. त्या दिवशी सावली आणि पाणी मिळाले तर निभावते, मात्र घाम दिसण्याआधीच वाळत असल्याने शरीर किती सुकले आहे ते ध्यानात येत नाही. ३८ च्या दमट दिवशी घाम पुरेसा वाळत नाही आणि शरीराची सुटकेची वाट अरुंद होत जाते. ओल्या तापमापकाचे ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची सीमा असावी असे २०१० मध्ये गणिताने मांडले गेले होते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती दमट हवेत ३१ च्याही थोडी खाली आढळली. आता तेथे एखादी ऐंशी वर्षांची, हृदयविकार असलेली व्यक्ती आहे अशी कल्पना करावी. पाण्याच्या कूलरचेही गणित हेच आहे. कोरड्या हवेत तो छान चालतो, पण खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत तो हवेत ओल भरत राहतो आणि तासाभरात आपलाच गारवा संपवतो. दमट प्रदेशात तो घेण्यात पैसे दवडू नयेत.

घरातली उष्णता बाहेरूनच येते असेही नाही. आपण जी जी वीज जाळतो ती अखेर उष्णता होऊनच खोलीत उतरते. एका विद्यार्थ्याने मला विचारले होते की फ्रिजचे दार उघडे ठेवले तर खोली गार होईल का. वर्ग हसला, पण प्रश्न उत्तम होता, आणि उत्तर असे की खोली उलट तापेल, कारण फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूने खोलीतच सोडतो आणि वर स्वतःच्या मोटारीची भर घालतो. खरा प्रश्न चुलीचा आहे. पेटत्या शेगडीसमोर उभे राहून स्वयंपाक करणारी व्यक्ती घरातच असते, सावलीत असते, आणि तरीही घरात सर्वाधिक उष्मा तिच्याच वाट्याला येतो. पहाटे स्वयंपाक उरकणे, दुपारी शेगडी न पेटवणे आणि लाटेच्या दिवसांत साध्या जेवणावर भागवणे हे तिच्या एकटीच्या हातात नसते. जेवणाऱ्यांनीही ते मान्य करावे लागते. आपल्या चौकटीत स्वयंपाकघराचा उल्लेख मी आजवर पाहिलेला नाही.

पाण्याबद्दल आपण लिहिता ते पुरेसे आहे, त्यात दोनच गोष्टींची भर घालतो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. आणि तासन् तास घाम गाळणाऱ्याने नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातले मीठ कमी पडू शकते; एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ हे प्रमाण सर्वांना पाठ असावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाणी आणि मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि काही मानसिक विकारांवरील औषधे यांच्यामुळे उष्मा सोसण्याची शक्ती घटते, हेही त्यांनाच उन्हाळ्याच्या आरंभी विचारून घेतलेले बरे. औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

उष्माघाताच्या लक्षणांत ‘त्वचा कोरडी पडते’ असे नेहमी छापले जाते. ते अर्धेच खरे आहे. श्रम करताना उष्माघात झालेल्याचे अंग घामाने निथळत असू शकते, आणि घाम येतो आहे म्हणजे धोका नाही असे समजून मोलाचा वेळ वाया जातो. पाहायचे ते बोलणे : शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेला माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, त्याला झटके येतात किंवा त्याची शुद्ध हरपते. रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत थांबू नये. मिळेल त्या पाण्याने त्याला नखशिखांत भिजवावे, जोराने वारा घालावा, बर्फ असेल तर मान, काख आणि जांघ येथे ठेवावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये. हा ताप निराळा आहे, तिचा त्यावर परिणाम होत नाही.

आता माझी विनंती. कमाल तापमानाशेजारी रात्रीचे किमान तापमान आणि आर्द्रता तितक्याच मोठ्या टाइपात छापावी. पॅरिसमध्ये २००३ च्या त्या लाटेत काही रात्री पारा २५ अंशांच्या खाली उतरलाच नाही, आणि लागोपाठच्या अशा रात्रींनी माणसे खचत गेली. दिवसभर झळा सोसलेले हृदय रात्री विसावते. रात्रच निवली नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवात आदल्या दिवसाच्या थकव्यावर होते. हंगामातल्या पहिल्या लाटेची सूचना तर ठळक अक्षरांत द्यावी, कारण शरीराला उष्म्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि नवख्या शरीराला साधा वाटणारा आकडाही झेपत नाही. पूर्वसूचनांचा उपयोग होतो याचे उदाहरण दूरचे नाही. अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यात १,३०० हून अधिक जादा मृत्यू झाले, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातील अशा प्रकारचा पहिलाच. सूचना वेळेवर आणि समजेल अशा भाषेत पोहोचवणे हा त्याचा मोठा भाग होता.

शिकागोच्या त्या मृत्यूंची नंतर छाननी झाली तेव्हा एकटे राहणे आणि अंथरुणाला खिळणे यांनी धोका वाढल्याचे दिसले, आणि ज्यांच्याकडे कोणाचे येणे-जाणे होते ते अधिक वाचल्याचे. माझ्या मजल्यावर एक वृद्ध जोडपे राहते. लाटेच्या दिवसांत मी त्यांचे दार सकाळी नव्हे, तर रात्री नऊच्या सुमारास वाजवतो, कारण आमचा स्लॅब तेव्हाच सर्वाधिक तापलेला असतो. ‘शेजाऱ्यांची विचारपूस करा’ एवढे छापण्याऐवजी ती कोणत्या वेळी करावी हेही चौकटीत छापता येईल.

शेवटची सूचना अगदी छोटी आहे. आपला अंक सकाळी हाती पडतो, आणि लाटेच्या दिवसांत खिडक्या लावून घेण्याची वेळही साधारण तीच असते. बाहेरची हवा आज किती वाजता तापू लागेल आणि रात्री किती वाजता निवेल, हे हवामान खात्याच्या तासागणिक अंदाजावरून काढून एका ओळीत देता येईल. त्यासाठी चौकटीची जागा वाढवावी लागणार नाही. फिकट रंगाच्या कपड्यांची ओळ एखादा दिवस गाळली तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक